फुप्फुसाच्या कॅन्सरची बायोप्सी: सुई, दुर्बीण की ऑपरेशन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीटीच्या रिपोर्टात 'मास' किंवा 'नोड्यूल' (म्हणजे गाठ) हा शब्द दिसला की तो रिपोर्ट नात्यागोत्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या व्हॉट्सॲपवर पोहोचतो. माझ्याकडेही येतो. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा काढणारा नव्हे, काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा. त्यामुळे खालच्या उत्तरांत एक कल दिसेल: कोणती तपासणी आधुनिक यापेक्षा तिच्यातून हाती काय आणि किती येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्या रुग्णाचा निर्णय मात्र त्याला तपासणारे डॉक्टरच घेतील.

१. सीटीत कॅन्सर स्पष्ट दिसतोय असं सांगितलं. मग तुकडा कशाला काढायचा?

सीटीत आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. टीबी, बुरशीचा संसर्ग, न विरघळलेला न्यूमोनिया यांच्या गाठी कॅन्सरसारख्या दिसू शकतात, आणि पेट स्कॅनमध्येही त्या कॅन्सरसारख्याच चमकतात. शिवाय कॅन्सर आहे एवढं कळून भागत नाही. तो फुप्फुसाचाच आहे की स्तन, मूत्रपिंड किंवा आतड्यातून आलेला? फुप्फुसाचा असेल तर अडिनोकार्सिनोमा, स्क्वॅमस की स्मॉल सेल? या प्रत्येकाचे उपचार वेगळे. तुकड्याशिवाय केमो सुरू करायला बहुतेक कॅन्सरतज्ज्ञ नकार देतात आणि ते योग्यच आहे. तुकडा न काढता थेट ऑपरेशन केव्हा चालतं, ते प्रश्न ११ मध्ये.

२. तुकडा काढायचे मार्ग तरी किती आहेत?

ढोबळमानाने चार. श्वासनलिकेतून: साधी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे बोलीभाषेतली दुर्बीण, आणि ईबस, म्हणजे सोनोग्राफी जोडलेली दुर्बीण (प्रश्न ७). छातीच्या बाहेरून: सीटी किंवा सोनोग्राफीत बघत टाकलेली सुई. छातीत पाणी असेल तर त्या पाण्यातून किंवा फुप्फुसाच्या आवरणातून. आणि ऑपरेशन करून: मीडियास्टिनोस्कोपी (प्रश्न ७) किंवा व्हॅट्स, म्हणजे छातीला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन. कॅन्सर फुप्फुसाबाहेर गेला असेल तर मानेतली गाठ, यकृत, ॲड्रिनल ग्रंथी किंवा हाड यांतूनही तुकडा घेता येतो.

३. यांतली सगळ्यात चांगली कोणती?

हा प्रश्न रोज येतो, आणि जागा कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

तज्ज्ञ मंडळी ज्या क्रमाने विचार करतात तो असा. रोग कुठवर गेलेला दिसतोय? त्यातली सगळ्यात दूरची आणि तरी सहज हाताला लागणारी जागा कोणती? तिथून तुकडा घेतला तर निदान आणि टप्पा (स्टेज) दोन्ही एका फटक्यात कळतात. समजा उजव्या फुप्फुसात पाच सेंटिमीटरची गाठ आहे आणि गळ्याच्या हाडाच्या (कॉलर बोनच्या) वर, मानेच्या बुडाशी एक छोटी गाठ लागतेय. मानेतल्या गाठीत सुई टाकायला काही मिनिटं लागतात, भूल लागत नाही, फुप्फुसाला धक्का नाही. तिथे कॅन्सर सापडला तर निदान झालंच, शिवाय रोग किमान तिसऱ्या टप्प्याच्या 'बी'पर्यंत पोहोचला आहे हेही सिद्ध झालं. त्याच रुग्णाच्या छातीत सुई टाकली असती तर धोका जास्त आणि माहिती कमी.

म्हणून बायोप्सीची तारीख ठरण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: 'मान तपासली का? छातीत पाणी आहे का? यकृत, ॲड्रिनल बघितली का?' महागड्या तपासण्यांच्या गर्दीत मान चाचपायची राहून जाते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

४. एक डॉक्टर सीटी गाइडेड सांगतात, दुसरे दुर्बीण. कोणाचं ऐकू?

दोघेही बरोबर असू शकतात. गाठ कुठे आहे यावर बहुतेक गोष्टी ठरतात.

गाठ मध्यभागी, मोठ्या श्वासनलिकेत डोकावत असेल, खोकल्यातून रक्त येत असेल, तर दुर्बीण. गाठ डोळ्यांना दिसते, चिमट्याने चार-पाच तुकडे घेता येतात, ब्रश आणि पाण्याने धुऊन पेशीही मिळतात. हे सगळं एकत्र केलं तर दहापैकी आठ-नऊ रुग्णांत निदान होतं.

गाठ कडेला, बरगड्यांच्या जवळ असेल तर साध्या दुर्बिणीचा हात तोकडा पडतो. गाठ २ सेंमीपेक्षा लहान असेल तर जुन्या आकडेवारीत तिचं यश जेमतेम एक तृतीयांश, मोठी असेल तर साठ टक्क्यांच्या आसपास. अशा गाठींसाठी सीटी गाइडेड सुई सरस, निदान साधारण नव्वद टक्के. त्याची किंमत म्हणजे फुप्फुसाभोवती हवा भरण्याचा धोका (प्रश्न ९).

या दोन टोकांच्या मध्ये आता नॅव्हिगेशन ब्रॉन्कोस्कोपी आली आहे. सीटीवरून श्वासनलिकांचा नकाशा तयार करून दुर्बीण कडेच्या गाठीपर्यंत नेतात. २०२५ साली व्हेरिटास नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीत १० ते ३० मिमीच्या गाठींवर तिची थेट तुलना छातीतून टाकलेल्या सुईशी झाली. अचूकता ७९ टक्के विरुद्ध ७३.६ टक्के, म्हणजे दुर्बीण सुईपेक्षा कमी पडली नाही. पण हवा भरण्याचं प्रमाण ३.३ टक्के विरुद्ध २८.३ टक्के! सुईच्या ९० टक्क्यांचे इथे ७४ कसे झाले? गाठी लहान होत्या, आणि 'अचूक' ठरण्यासाठी निदान वर्षभर टिकावं लागत होतं. मोठ्या गाठींचे आकडे लहान गाठींना लावू नयेत, ते यासाठीच.

५. आमच्या शहरात रोबोटिक किंवा नॅव्हिगेशन ब्रॉन्कोस्कोपी नाही. त्यासाठी मुंबई-पुण्याला जाऊ का?

गाठ लहान, कडेची, आणि फुप्फुसं सिगारेट-विडीने पोकळ झालेली असतील तर विचारून बघण्यासारखं आहे. गाठ चार सेंमीची आणि बरगडीला चिकटलेली असेल तर तालुक्याच्या गावात सोनोग्राफीवर बघून टाकलेली सुईसुद्धा तेच काम करेल, तेही कमी खर्चात. करणाऱ्याचा हात किती सरावलेला आहे याचं वजन यंत्रापेक्षा जास्त.

६. एफएनएसी झाली, कॅन्सर आला. आता पुन्हा 'कोअर बायोप्सी' का?

एफएनएसीच्या बारीक सुईतून सुट्या पेशी येतात. कॅन्सर आहे हे सांगायला त्या बहुधा पुरतात. कोअर बायोप्सीत जाड सुईने, साधारण १८ ते २० गेजच्या, दोऱ्यासारखा अखंड तुकडा निघतो. त्यात पेशींची मांडणी दिसते आणि पुढच्या तपासण्यांसाठी माल शिल्लक राहतो. आज औषध निवडायला ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ अशा जनुकीय तपासण्या आणि पीडी-एल१ (इम्युनोथेरपी ठरवायला बघतात ते प्रथिन) लागतात. पीडी-एल१ चा रिपोर्ट द्यायला कॅन्सरच्या किमान १०० जिवंत पेशी हव्यात.

पण एफएनएसी कायम अपुरीच असं समजू नका. सुईतला उरलेला माल फॉर्मॅलिनमध्ये घेऊन, मेणात बसवून 'सेल ब्लॉक' केला तर त्यावर बहुतेक सगळं करता येतं. नुसत्या काचेवर स्मिअर काढून सुई फेकून दिली की पंचाईत. बारीक सुई ठरलीच असेल तर 'सेल ब्लॉक करणार ना?' हे आधी विचारा.

७. ईबस म्हणजे काय? साधी ब्रॉन्कोस्कोपी झाली होती, तरी पुन्हा?

ईबसच्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते. श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडचे लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तिच्यात दिसतात आणि बघत बघत सुई टाकता येते. साध्या दुर्बिणीला फक्त नळीच्या आतलं दिसतं. त्यामुळे पहिली तपासणी वाया गेली असं नाही, दोघींचं काम वेगळं.

दोन फुप्फुसांच्या मधल्या नोडमध्ये रोग गेलाय का, यावर ऑपरेशन करायचं की नाही हे ठरतं. पूर्वी यासाठी गळ्याखाली छेद घेऊन, पूर्ण भूल देऊन मीडियास्टिनोस्कोपी करत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्टर चाचणीत ऑपरेशनने नोड तपासले तेव्हा रोग पकडण्याचं प्रमाण ७९ टक्के होतं. आधी श्वासनलिका आणि अन्ननलिकेतून सोनोग्राफीची सुई आणि ती निगेटिव्ह आली तरच ऑपरेशन, असं केलं तेव्हा ते ९४ टक्क्यांवर गेलं. विनाकारण छाती उघडली जाण्याचं प्रमाण १८ वरून ७ टक्क्यांवर आलं. तेव्हापासून सुरुवात ईबसने करायची, हा रिवाज पडला.

एक बारीक गोष्ट, जाणकार लगेच ओळखतात. ईबसमध्ये सुई आधी विरुद्ध बाजूच्या नोडमध्ये, मग मधल्या, मग त्याच बाजूच्या आणि शेवटी गाठीत जायला हवी. उलट क्रमाने गेली तर गाठीतल्या पेशी सुईबरोबर नोडमध्ये जाऊन टप्पा खोटाच वाढू शकतो.

८. छातीत पाणी झालंय. पाण्यातून निदान होईल ना?

होऊ शकतं, आणि सुरुवात तिथूनच करावी. कॅन्सरमुळेच पाणी झालेलं असेल तर पहिल्या वेळी पेशी सापडण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्के, अडिनोकार्सिनोमात थोडं अधिक. दुसऱ्यांदा काढलं तर आणखी काही जण हाती लागतात. तिसऱ्या-चौथ्यांदा तेच करत बसण्यात अर्थ नाही. मग थोरॅकोस्कोपी करून, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, आवरणाचे तुकडे घ्यावेत. तिथे निदान नव्वद टक्क्यांच्या वर जातं.

इथे माझी एक जुनी तक्रार. रुग्णाचं लिटरभर पाणी काढतात आणि लॅबला येते दहा मिलीची बाटली. बाकीचं मोरीत. निदान ५०-६० मिली तरी पाठवा, जास्त असेल तर उत्तम. लगेच पोहोचणार नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही.

पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर रोग चौथ्या टप्प्यात धरतात. मग फुप्फुसातल्या गाठीत वेगळी सुई टाकायची गरज बहुधा उरत नाही.

९. सीटी गाइडेड बायोप्सीत धोका किती? त्याच दिवशी घरी जाता येतं का?

फुप्फुसाभोवती हवा भरणं, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, हा मुख्य धोका. शंभरात पंधरा ते पंचवीस जणांना कमी-अधिक होतो. बहुतेकांत ती हवा आपोआप शोषली जाते. नळी टाकायची वेळ शंभरात पाच-सहा जणांवर येते. थुंकीतून थोडं रक्त जाणं हा दुसरा, तो सहसा काही तासांत थांबतो. हवेचा बुडबुडा रक्तात शिरणं फार क्वचित घडतं, पण घडलं तर गंभीर असतं. म्हणूनच सुई आत असताना खोकू नका, बोलू नका, आणि सांगतील तेव्हा श्वास रोखा.

त्याच दिवशी घरी जाता येतं, पण एक्स-रे होऊन डॉक्टरांनी सोडल्यावर. मात्र हवा कधी कधी उशिराही भरते. त्यामुळे बायोप्सी करून रात्रीच्या एसटीने दोनशे किलोमीटरवरच्या गावी निघणं मला पटत नाही. एक रात्र रुग्णालयाजवळ काढा. धाप लागली, छातीत एका बाजूला दुखलं तर लगेच परत या. हवा भरलीच असेल तर ती पूर्ण गेल्याचं एक्स-रेत दिसल्यावरही आठवडाभर विमानप्रवास टाळा.

१०. सुई लावली की कॅन्सर पसरतो असं सगळे म्हणतात. खरं का?

सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, पण त्यांचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. लोकांचा समज होतो याचं कारण वेगळं: रोग आधीच पसरलेला असतो, बायोप्सीनंतर महिन्याभरात त्रास वाढतो आणि खापर सुईवर फुटतं. या भीतीपायी तीन-चार महिने काढ्यांवर घालवून आलेले रुग्ण पाहिले की वाईट वाटतं.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. गाठ अगदी पहिल्या टप्प्यातली आणि फुप्फुसाच्या आवरणालगत असेल, तर छातीतून सुई टाकल्यावर पुढे आवरणात रोग परतण्याचं प्रमाण थोडं वाढतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. अशा रुग्णात सर्जनला आधी दाखवावं (पुढचा प्रश्न).

११. बायोप्सी न करता थेट ऑपरेशन सांगितलं आहे. हे चालतं का?

चालतं, योग्य रुग्णात. गाठ लहान, कॅन्सरचा संशय दाट, पेटमध्ये इतरत्र काही नाही आणि रुग्ण ऑपरेशन झेपणारा असेल तर व्हॅट्सने ती गाठच काढतात आणि ऑपरेशन चालू असताना 'फ्रोझन सेक्शन', म्हणजे गोठवून तातडीने तपासायचा तुकडा, पाठवतात. साधारण वीस मिनिटांत आम्ही कळवतो, कॅन्सर असेल तर सर्जन त्याच बैठकीत पुढचं ऑपरेशन करतात. संशय दाट असेल तर निगेटिव्ह सुईनेही निर्णय बदलत नाही, म्हणून मधली पायरी गाळतात.

१२. सुई कोणाला अजिबात नको?

हायडॅटिड सिस्टचा संशय असेल तर आधी सर्जनचं मत घ्या. मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासातल्या माणसांत ही पाण्याची गाठ होते, आणि सुईने फुटली तर तीव्र ॲलर्जी येऊ शकते, आजार छातीत पसरूही शकतो. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची गाठ असेल तरीही सुई नको. एकच फुप्फुस काम करत असेल, मोठे हवेचे फुगे असतील किंवा फुप्फुसातला रक्तदाब वाढलेला असेल तर शक्यतो दुसरा मार्ग शोधतात.

१३. स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कधी बंद करू?

स्वतःहून कधीच नाही. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बऱ्याच तपासण्यांत चालू ठेवतात, वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे याची तपासणी) बघतात. पण स्टेंट नवा असेल तर क्लोपिडोग्रेल थांबवणं बायोप्सीपेक्षा घातक ठरू शकतं. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच या.

१४. रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला. कॅन्सर नाही ना?

शब्द नीट वाचा. 'टीबीचा ग्रॅन्युलोमा', 'बुरशी', 'हॅमार्टोमा' (कॅन्सर नसलेली गाठ) असं नेमकं दुसरं निदान लिहिलं असेल तर दिलासा धरायला जागा आहे. 'दाह आहे, कॅन्सर पेशी दिसल्या नाहीत', 'फक्त रक्त आणि मृत पेशी', 'अपुरा नमुना' यांचा अर्थ एवढाच की सुईला काही सापडलं नाही. मोठ्या गाठीचा मधला भाग मेलेला असतो, सुई तिथेच गेली तर असं होतं. मग कडेने पुन्हा घ्यावी लागते. तपासणीच्या खोलीतच पॅथॉलॉजिस्ट काच बघून 'पुरे' किंवा 'अजून एक घ्या' सांगत असेल तर ही वेळ कमी येते.

थुंकीच्या रिपोर्टालाही हेच लागू. थुंकीत कॅन्सर सापडला तर उपयोग, सापडला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

१५. डॉक्टर म्हणाले टीबीच असेल, आधी एकेटी (टीबीची औषधं) देऊन बघू. थांबू का?

आपल्याकडे टीबी इतका आहे की हा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पण फोटोवरून एकेटी सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी गाठ वाढली की बायोप्सी, या वाटेने कितीतरी रुग्ण ऑपरेशनची वेळ गमावून येतात. पन्नाशीपुढचा, विडी-सिगारेट ओढणारा माणूस आणि गाठ असेल तर थुंकीत किंवा तुकड्यात टीबीचा पुरावा मागा. विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या बाईलाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हेही विसरू नका.

व्यवहाराची गोष्ट: तुकडे दोन बाटल्यांत हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसरा सलाइनमध्ये, टीबीचे जंतू शोधणाऱ्या जीनएक्स्पर्ट आणि कल्चर या तपासण्यांसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन लॅबला पाठवायची पद्धत अजून आहेच. तेव्हा दोन बाटल्या आहेत का आणि दोन्हींवर नाव आहे का, बघूनच निघा. दोन्ही रोग एकाच फुप्फुसात असलेले रुग्णही भेटतात.

१६. 'तुकडा संपला, ईजीएफआर होणार नाही' असं लॅबने कळवलं. असं कसं?

बारीक तुकडा, त्यावर निदानासाठी एकामागून एक रंगतपासण्या, आणि शेवटी ब्लॉकमध्ये (तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यात) मेणच उरतं. टीटीएफ-१ आणि पी४० अशा मोजक्या तपासण्यांत अडिनो की स्क्वॅमस हे बहुधा उरकतं. बाकीचा तुकडा राखून ठेवायला हवा. भारतात अडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारांपैकी एका रुग्णात ईजीएफआर बदल सापडतो. त्याला गोळी लागू पडते, म्हणून हा कंजूषपणा.

हाडातून तुकडा घेतला असेल तर आणखी एक अडचण. हाड मऊ करायला वापरलेल्या तीव्र आम्लाने डीएनए खराब होतो. दुसरी जागा मिळत असेल तर ती बघा, नसेल तर आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायची विनंती आधीच करा.

१७. मग रक्तातूनच करू, लिक्विड बायोप्सी. सुईची कटकटच नको.

रक्तात कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे शोधतात. ईजीएफआर बदल रक्तात सापडला तर त्यावर विसंबता येतं. सापडला नाही तर प्रश्न तसाच उरतो, कारण तुकड्यात बदल असलेल्या साधारण तीनांपैकी एका रुग्णात तो रक्तात दिसत नाही. शिवाय रक्तावरून कॅन्सरचा प्रकार ठरत नाही आणि पीडी-एल१ ही होत नाही. पहिलं निदान तुकड्यानेच. तुकडा संपला असेल किंवा रुग्णाला सुई झेपणारी नसेल तेव्हा रक्ताची मदत घ्यावी.

१८. गोळीवर दोन वर्षं छान गेली, आता गाठ वाढतेय. पुन्हा बायोप्सी?

बहुतेकदा हो, आणि वाढणाऱ्या जागेतूनच. कॅन्सर औषधाला दाद देईनासा होतो तेव्हा त्याच्यात नवे बदल झालेले असतात. काही रुग्णांत तर अडिनोकार्सिनोमाचा स्मॉल सेल होतो आणि उपचारच बदलतात. हे रक्तात खात्रीने कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

१९. दुसरं मत घ्यायचं आहे. पुन्हा सुई टाकावी लागेल का?

सहसा नाही. पहिल्या लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते रुग्णाचे आहेत, अर्ज करून मिळतात. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेर झालेल्या बायोप्सीच्या स्लाइड-ब्लॉकची फेरतपासणी होते, त्यामुळे नुसता रिपोर्टचा कागद घेऊन परळ गाठू नका. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. कुठे जमा केला तर पावती जपा.

२०. आजोबा ऐंशीच्या पुढचे, खूप थकलेले. बायोप्सी करायलाच हवी का?

आधी हे विचारा: रिपोर्ट काहीही आला तरी उपचार तोच राहणार आहे का? त्यांना केमो नको आहे, आणि दुखणं-धाप कमी ठेवणं एवढंच ठरलं आहे, तर सुई नाही टाकली तरी चालेल. पण ईजीएफआरसारखा बदल असेल तर रोजची एक गोळी थकलेल्या माणसालाही झेपू शकते, त्यावर अंथरूण सोडलेले रुग्ण आहेत. म्हणून सगळ्यात सोपी जागा बघा: मानेतली गाठ, छातीतलं पाणी, तेही नसेल तर रक्त. आणि आजोबांना स्वतःला काय हवंय, हे त्यांनाच विचारा. पुष्कळ घरांत हा प्रश्न त्यांना सोडून सगळ्यांना विचारलेला असतो.